परदेशात कॅम्पिंगचं सामान घ्यायचं म्हणजे नुसता मनस्ताप

परक्या देशात डोंगरात राहायला निघालेल्या माणसाला तंबू, गॅस, बूट, स्लीपिंग बॅग विकणारा हा सगळा धंदा लेबलवर अर्धीच माहिती छापतो. उरलेल्या अर्ध्याची किंमत आम्ही रात्रभर कुडकुडत मोजतो. तिथल्या स्थानिक गिऱ्हाइकाचं काय, वस्तू चुकीची निघाली तर पुढच्या शनिवारी दुकानात जाऊन बदलून घेईल, नाहीतर ओळखीच्या चार जणांना आधीच विचारेल. आमच्या हातात असते एक दुपार. बस दुसऱ्या दिवशी पहाटेची, दुकान सहाला बंद, भाषा येत नाही. त्या दुपारी आमचा एकमेव आधार म्हणजे डब्यावर आणि खोक्यावर छापलेला मजकूर, आणि नेमका तोच धड नसतो.

आणि कृपा करून "सगळं घरूनच का नेत नाही?" असं विचारू नका. या प्रश्नाने माझ्या डोक्यात तिडीक जाते. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, ना हातातल्या बॅगेत, ना चेक-इनच्या. अस्वलांच्या प्रदेशात लागणाऱ्या स्प्रेचंही तेच. वापरलेल्या स्टोव्हला इंधनाचा जरा जरी वास आला तरी कित्येकदा काउंटरवरच तो काढून ठेवायला लावतात. न्यूझीलंडला किंवा ऑस्ट्रेलियाला उतरलात तर वापरलेले बूट आणि तंबू जाहीर करावे लागतात, आणि तळव्याला माती दिसली की ते साफ होईपर्यंत सुटका नाही. त्या नियमामागचं कारण मला मनापासून पटतं. तिथल्या जंगलांत बाहेरची कीड जायला नकोच. पण म्हणजे काही गोष्टी तिथे पोचल्यावरच घ्याव्या लागणार, यात आमची हौस कुठे आली? विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. गरजवंताला अक्कल नसते, या म्हणीवर यांचं दुकान चालतं.

गॅसवर मी सगळ्यात जास्त चिडते. छोट्या कॅम्पिंग स्टोव्हचे मुख्यतः चार तऱ्हेचे डबे बाजारात मिळतात. एक आट्यांवर फिरवून बसवायचे, दुसरे दाबून खटकन बसवायचे, तिसऱ्यांना झडपच नसते, स्टोव्हची सुई पत्र्यात घुसवायची, आणि चौथे टेबलावरच्या शेगडीत आडवे सरकवायचे लांब नळकांडे. एका तऱ्हेचा डबा दुसऱ्या तऱ्हेच्या स्टोव्हला बसत नाही. फ्रान्समधल्या खेड्यापाड्यांतल्या दुकानांत बऱ्याचदा दाबायचे नाहीतर भोसकायचे डबे असतात, आणि जगभरातले ट्रेकर वापरतात ते स्टोव्ह बहुतेक आट्यांचे. मग डब्यावर, समोरच्या बाजूला, ठळक अक्षरात काय असायला हवं? झडप कोणती ते. एक साधं चित्र! त्याऐवजी पर्वताचा फोटो असतो, ज्वाळा असतात, कंपनीचं बोधचिन्ह असतं.

एका दुकानदाराने मला डब्यावरचा "ईएन ४१७" हा आकडा दाखवून "सगळ्या स्टोव्हना चालतो" असं ठणकावून सांगितलं होतं. तो युरोपीय मानकाचा क्रमांक आहे खरा, पण ते मानक झडप असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही तऱ्हेच्या डब्यांना लागू होतं. त्यावरून काडीचाही बोध होत नाही. वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढून दाखवा म्हटलं तर म्हणे माल उघडता येणार नाही. मी हट्टच धरला. झाकण निघालं तेव्हा खाली आटे नव्हते, नुसता गुळगुळीत पत्रा. भोसकायचा डबा! तो एकदा स्टोव्हला लावला की गॅस संपेपर्यंत सोडवता येत नाही, काढला तर सगळा गॅस बाहेर. असली वस्तू सॅकमध्ये घालून डोंगर चढायला माणसाला पाठवणं हा निष्काळजीपणा आहे, आणि तोही चेहऱ्यावरची रेषा न हलवता.

आत काय भरलंय ते तरी नीट सांगा ना. साधं ब्युटेन शून्याच्या किंचित खाली, उणे ०.५ अंशाला उकळतं, म्हणजे त्याहून थंड हवेत ते वाफ होऊन डब्याबाहेरच येत नाही. आयसोब्युटेन साधारण उणे १२ पर्यंत साथ देतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. गारठ्यात चहा होणार की नाही हे सगळं या तिघांच्या प्रमाणावर अवलंबून. आणि कित्येक डब्यांवर छापलेलं असतं फक्त "ब्युटेन-प्रोपेन मिश्रण". किती टक्के? ताकास तूर लागू देत नाहीत. थंडीत प्रोपेन आधी उडून जातं आणि मागे ब्युटेन राहतं. मग डबा हाताला जड लागतो, आत गॅस डुचमळतो, आणि ज्योत मात्र काजव्याएवढी. पाण्याला आधण येत नाही. बर्फ वितळवून पाणी प्यायचं असेल तर हा प्रश्न चहापुरता राहत नाही, जिवाशी येतो. दोन आकडे छापायला शाई किती लागते हो?

द्रव इंधनाचा स्टोव्ह घ्या, असा सल्ला मिळतो. तिथे वेगळा घोळ. ब्रिटनमध्ये पॅराफिन मागितलं तर रॉकेल मिळतं, अमेरिकेत त्याच नावाने मेण समोर येतं. अमेरिकेत व्हाइट गॅस म्हणून मिळणारं स्वच्छ इंधन ऑस्ट्रेलियात शेलाइट नावाने शोधावं लागतं. रॉकेलसाठी लावलेल्या जेटमध्ये, म्हणजे स्टोव्हच्या इंधन सोडणाऱ्या बारीक तोटीत, पेट्रोलसारखं काही गेलं तर भडका उडतो, तेव्हा याला नावांची गंमत म्हणून सोडून देता येत नाही. वाहतुकीसाठी प्रत्येक ज्वालाग्राही द्रवाला संयुक्त राष्ट्रांचा चार आकडी क्रमांक दिलेलाच आहे. रॉकेल १२२३, पेट्रोल १२०३. टँकरच्या पाठीवर तो हातभर मोठा रंगवलेला दिसतो. तोच क्रमांक एक लिटरच्या बाटलीवर दर्शनी बाजूला छापला, तर कुठल्याही भाषेच्या माणसाला कळेल. पण गिऱ्हाइकाला कळावं ही इच्छाच नसेल तर?

आता स्लीपिंग बॅग. इथे मी बाई म्हणून बोलते, आणि दुप्पट रागाने बोलते. या बॅगांची चाचणी आहे, चांगली आहे, यंत्राने तापवलेल्या माणसाच्या पुतळ्यावर करतात. २००२ साली युरोपात तिचं मानक आलं, आता आयएसओ २३५३७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातून तीन मुख्य आकडे निघतात. पहिला आरामाचा, तो सर्वसाधारण स्त्री सैलावून झोपू शकेल अशा तापमानाचा. दुसरा किमान मर्यादेचा, तो अंग आक्रसून झोपलेल्या सर्वसाधारण पुरुषाचा. तिसरा टोकाचा, म्हणजे स्त्री सहा तास कशीबशी जिवंत राहील, हिमदंश झाला तर झाला. मग बॅगेच्या नावात, मोठ्या अक्षरात कुठला आकडा टाकतात? किती तरी वेळा दुसरा, पुरुषाचा! आरामाचा आकडा आतल्या पट्टीवर, धुण्याच्या सूचनांशेजारी, मुंगीएवढ्या अक्षरात. दोन्हींत पाचेक अंशांचा फरक सहज असतो. पाच अंश म्हणजे झोप लागणं आणि पहाटेची वाट बघत दात वाजवणं यांतला फरक आहे. आणि एका विक्रेत्याने तर मला तिसरा आकडा दाखवून "इतक्या थंडीत सुद्धा चालेल" म्हणून सांगितलं. कोणाच्या जिवावर चालेल?

त्यात अमेरिकेत हे आकडे फॅरनहाइटमध्ये. तिथली शून्य अंशाची बॅग म्हणजे जवळजवळ उणे १८ सेल्सिअसची, आणि बाकी जगात शून्याची बॅग म्हणजे शून्याचीच. नावात नुसतं शून्य, पुढे एकक नाही. शिवाय चाचणीत पुतळ्याच्या अंगात आतले लांब कपडे आणि खाली मॅट धरलेली असते. हे दुकानात कोणी सांगत नाही. बॅग घ्या आणि निघा.

यांना जमत नाही असं मुळीच नाही. बॅगेखाली अंथरायच्या कॅरीमॅटचंच बघा. किती उबदार आहे हे पूर्वी जो तो आपापल्या पद्धतीने मोजायचा. २०१८ साली एएसटीएम एफ३३४० ही एकच चाचणी ठरली, मोठमोठ्या कंपन्यांनी ती स्वीकारली, आणि आज दुकानात दोन मॅट शेजारी ठेवून आर-मूल्य, म्हणजे मॅट ऊब किती राखते तो आकडा, वाचलं की फैसला होतो. एकावर एक घातल्या तर आकड्यांची सरळ बेरीज करायची. इतकं सोपं! मनावर घेतलं की होतं. बाकी ठिकाणी मनावर घेतलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बुटांचं तर काय सांगू. युरोपातला एक नंबर म्हणजे दोन-तृतीयांश सेंटिमीटर, ब्रिटनचा एक नंबर म्हणजे एक-तृतीयांश इंच, अमेरिकेचा नंबर ब्रिटनपेक्षा पुढे सरकलेला आणि बायकांचा आणखी निराळा. या मापांचं एकमेकांत नीट रूपांतर होतच नाही, म्हणून प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा. पायाची लांबी सरळ मिलिमीटरमध्ये सांगणारी मॉन्डोपॉइंट पद्धत आहे, तिचंही आयएसओ मानक आहे, आणि स्कीचे बूट जगभर त्याच मापाने विकले जातात. मग चालायच्या बुटांना कसली अडचण? अर्ध्या नंबराने लहान बूट घालून हजार मीटरचा उतार उतरलात तर अंगठ्याची नखं काळी पडतात. आणि मातीत चाललेले बूट परत कोण घेतो? नवे असले तरी परत करायला त्याच गावी यावं लागतं, आणि तोवर आपण दुसऱ्या देशात. वॉरंटीचा कागद दाखवला तर दुसऱ्या देशातला वितरक हात झटकून मोकळा, "जिथे घेतलंत तिथे जा."

दोन माणसांच्या तंबूत दोन माणसं मावत नाहीत हे तर आता सगळ्यांनी मुकाट्याने मान्यच करून टाकलंय. रुंदी १२० सेंटिमीटर आणि ६४ सेंटिमीटरच्या दोन रुंद मॅट, करा हिशेब. रुंदी खोक्याच्या दर्शनी बाजूला छापा म्हणजे झालं. आणि अमेरिकेत तर किमतीचं लेबलसुद्धा अपुरं. बहुतेक राज्यांत विक्रीकर त्यात धरलेलाच नसतो, तो कळतो गल्ल्यावर.

काठमांडूच्या थामेलमध्ये नामांकित कंपन्यांचे शिक्के मारलेले नकली जॅकेट दुकानोदुकानी टांगलेले असतात. पण तिथले कित्येक दुकानदार विचारलं तर सरळ सांगतात की ही कॉपी आहे, आणि भावही तसाच लावतात. मला त्यांचा तेवढा राग येत नाही. मला राग येतो अस्सल मालाचे पुरेपूर पैसे घेऊन नेमकी गरजेची ओळ गाळणाऱ्यांचा.

करायचं म्हटलं तर होतं, याचे दाखले आहेतच. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात अन्न अस्वलांपासून राखायचे डबे सक्तीचे आहेत, पण ते उद्यानातच भाड्याने मिळतात. वापरा, परत द्या, घरी न्यायची भानगड नाही. आइसलंडमधल्या रेक्याविकच्या कॅम्पसाइटवर परतणारे प्रवासी उरलेल्या गॅसचे डबे पुढच्यांसाठी ठेवून जातात. पण त्यातही कुठल्या डब्यात किती शिल्लक आहे ते हलवून हलवून अंदाजाने ठरवायचं, कारण गॅसचं वजन छापतात आणि रिकाम्या डब्याचं वजन बऱ्याच डब्यांवर नसतंच. ते असतं तर साध्या काट्यावर ठेवून उरलेला गॅस मोजता आला असता, आणि अर्धे भरलेले डबे कचऱ्यात गेले नसते.

मी उत्पादकांना हे सगळं लिहून कळवते, लेबलांचे फोटो जोडते. उत्तर येतं ते ठरलेलं: आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. नोंद नको मला. पुढच्या छपाईत झडपेचं चित्र, गॅसची टक्केवारी आणि रिकाम्या डब्याचं वजन टाका. पर्वताचा फोटो काढलात तर जागाही होईल.