चार गावं, एक धावपट्टी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हॅन्सकम विमानतळावरच्या माझ्या लेखावर तुम्ही पुण्याहून इतकं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : विमानतळ १९४१चा आणि घरं नंतरची. बेडफर्ड, कॉन्कॉर्ड, लेक्सिंग्टन आणि लिंकन या बॉस्टनजवळच्या चार सधन गावांनी एकजूट करून विमानतळाच्या वाढीची फक्त अडवणूक केली. आणि त्यांच्या संयुक्त समितीला अधिकारच नसतील, तर ती नुसती चहापाण्याची बैठक.

पहिला मुद्दा मला निम्मा मान्य आहे. बेडफर्डमधलं आमचं घर विमानतळानंतरचं आहे, आणि ते घेतलं तेव्हा वरून विमानं जाताना आम्ही पाहिलीच होती. पण १९४१ साली शेतजमिनी घेऊन जे उभं राहिलं, ते युद्धाच्या तोंडावरचं विमानतळ होतं. आज वाद चालू आहे तो खासगी जेटवर. आणि आधी कोण, हाच निकष लावायचा तर बॅटल रोड सगळ्यांच्या आधीचा. १९ एप्रिल १७७५ला, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्याच दिवशी, ब्रिटिश सैन्य कॉन्कॉर्डहून याच वाटेने मार खात बॉस्टनकडे परतलं.

गेल्या उन्हाळ्यात भाच्याला तिथल्या हार्टवेल टॅव्हर्न या जुन्या खाणावळीपाशी घेऊन गेले होते. त्या काळच्या वेषातला एक माणूस बंदूक कशी ठासतात ते दाखवत होता. त्याने दारू ओतली, गज आत सारला, आणि तेवढ्यात डोक्यावरून जेट गेलं. तो बोलायचा थांबला, हात गजावर तसाच. आवाज विरल्यावर त्याने तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तोवर सगळी पोरं आभाळाकडे बघत होती. वारसा जपणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने या परिसराला सर्वाधिक धोक्यातल्या ११ वारसास्थळांच्या यादीत २००३मध्ये घेतलं आणि २०२४मध्ये पुन्हा घेतलं, ते का, हे मला त्या दिवशी कळलं.

आता अधिकारांचं. विमानतळ मासपोर्ट या राज्याच्या संस्थेचं. गावांचे झोनिंगचे, म्हणजे जमीनवापराचे, नियम त्या जागेला लागू नाहीत, आणि आकाश केंद्राच्या विमान प्रशासनाचं. चारही गावांच्या सिलेक्ट बोर्डांचे, म्हणजे गावकारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळांचे, प्रतिनिधी ज्या ‘हॅट्स’ या संयुक्त समितीत बसतात तिला, किंवा १९८०च्या कायद्याने नेमलेल्या सल्लागार आयोगाला, काहीही थांबवता येत नाही. इथवर तुमचं बरोबर. पण मग एकत्र बसायचं कशाला? विमानतळाचा पत्ता बेडफर्डचा, पण आत जाणारा हॅन्सकम ड्राइव्ह हा रस्ता लिंकनमध्ये टू-ए मार्गाला मिळतो. म्हणजे हँगर एका गावात, गाड्यांची रांग दुसऱ्या गावात आणि घरघर तिसऱ्याच्या छपरावर. प्रत्येकाने आपापल्या हद्दीपुरतं पाहिलं, तर प्रत्येकाचा हिशेब फायद्याचाच निघतो. चौघांनी एकाच नकाशावर बोट ठेवलं की तो हिशेब बदलतो. मी अशा बैठकांना जाते ते यासाठीच.

वेळेवर बोलल्याचा उपयोग किती, ते पाहा. १९७८चा आराखडा आणि १९८०चे नियम यांतून ठरलं की नियमित प्रवासी सेवेला ६०पेक्षा जास्त आसनांचं विमान इथे चालणार नाही, आणि रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेत जादा शुल्क पडेल. १९९०मध्ये केंद्राचा कायदा आला. त्यानंतर विमानतळांना आवाजावर नवी बंधनं घालणं जवळजवळ अशक्य झालं, पण आधीची टिकली. आज मागायला गेलो असतो तर यातलं काही पदरात पडलं नसतं.

आणि नुसती अडवणूक? १९९९ साली छोट्या विमानांची प्रवासी सेवा इथे सुरू झालीच, आणि २००१मध्ये विरोधक न्यायालयात हरले. अलीकडचा प्रस्ताव सुमारे ५ लाख चौरस फूट हँगरचा होता. विकासकांचा दावा असा, की जेट इथेच ठेवायला जागा मिळाली तर मालकाला घ्यायला आणि सोडून परत जायला होणाऱ्या रिकाम्या फेऱ्या वाचतील, म्हणजे प्रदूषण घटेल. ऐकायला हे पटतं. पण जागा वाढली की विमानंही वाढतात, त्याचं काय? चारही गावांनी आक्षेप नोंदवले. जून २०२४मध्ये राज्याच्या पर्यावरण सचिव रेबेका टेपर यांनी प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल अपुरा ठरवून पुन्हा काम करायला लावलं. ही अडवणूक नाही हो, गणित पुन्हा मांडून दाखवा एवढंच म्हणणं होतं.

पुरंदर विमानतळाच्या सात गावांचं उदाहरण तुम्ही दिलंत. ती तुलना मी करणार नाही. तिथे लोकांची शेतं जाताहेत, आमची झोपमोड होते. दोन्ही दुःखं एका तराजूत घालणं मला बरं वाटत नाही.

तुमची एक टोचणी मात्र लागली : ‘विमानतळाबद्दल एक होता, आपापल्या बांधकामाबद्दल का नाही?’ लेक्सिंग्टनने हार्टवेल ॲव्हेन्यूवर, म्हणजे विमानतळाशेजारच्या हवाई दलाच्या तळाच्या अगदी दाराशी, उंच इमारतींना वाट मोकळी केली. तिथल्या गाड्या बेडफर्डच्या रस्त्यावरही येणार. त्यावर चार गावांत जेवढं बोलणं व्हायला हवं तेवढं झालेलं नाही. पुढच्या बैठकीत लोकांच्या प्रश्नांची वेळ आली की मी हाच विचारणार आहे, आणि काय उत्तर मिळालं ते इथेच लिहीन.