‘एड’ लावा, निश्चिंत व्हा

गो-वेंट-गॉन, सी-सॉ-सीन हा पाढा शाळेत घोकलाच असेल. आता तो विसरा. तीन-तीन रूपं लक्षात ठेवायला वेळ कुणाला आहे? क्रियापदाचं शेपूट धरा, त्याला ‘एड’ बांधा, झाला भूतकाळ. आणि एखादं रूप आधीच भूतकाळी असलं तरी वरून आणखी एक ‘एड’ ठोका. दाराला दोन कुलपं असलेली बरी.

किल्ल्या सापडल्या की बेधडक लिहा, ‘आय फाउंडेड माय कीज’. फाइंडचं फाउंड झालं तिथेच काम संपलं होतं. फाउंडेड हा स्थापना करण्याचा भूतकाळ. तर किल्ल्यांची स्थापना झाली, आता कोनशिलेचं तेवढं बघा. घड्याळाला चावी दिलीत? वाइंडचं वाउंड पुरत नाही, ‘वूंडेड’ करा, म्हणजे घड्याळ जखमी होईल. मिरच्या दळल्यावर ग्राउंडवर थांबू नका; ‘ग्राउंडेड’ लिहिलं की मिरच्यांना उड्डाणबंदी. कट, पुट, हर्ट बिचारे तिन्ही रूपांत एकाच सदऱ्यावर. त्यांनाही ‘कटेड’, ‘पुटेड’ शिवून द्या.

पण खरी कमाई लाय आणि ले या जोडीत आहे. लाय म्हणजे आपण आडवं होणं: लाय, ले, लेन. ले म्हणजे काहीतरी ठेवणं किंवा अंडं घालणं: ले, लेड, लेड. आपल्या पडणे-पाडणेसारखंच, पहिल्याला कर्म नको, दुसऱ्याला हवंच. एवढ्यावर भागलं असतं तर ती इंग्रजी कसली! आडवं होण्याचा भूतकाळ आणि ठेवण्याचा वर्तमानकाळ, दोन्ही ‘ले’च. शिवाय खोटं बोलणारा तिसरा लाय आहेच आणि तोच नेमका नियमाने वागतो: लाइड, लाइड. तेव्हा काल दोन तास पडून होतो हे साहेबांना ‘आय लाइड फॉर टू अवर्स’ असंच कळवा. दोन तास खोटं बोललो, असा कबुलीजबाब होईल. ‘आय लेड’ लिहिलंत, तर साहेब विचारतील, किती अंडी? ‘आय ले’ बरोबर आहे, पण कुणालाच बरोबर वाटत नाही. खुद्द इंग्रजही इथे घसरतात.

भिंतीवर तसबीर लावली तर हंग, माणसाला फाशी दिली तर हँग्ड. हा भेद कशाला पाळता? ‘वी हँग्ड ग्रँडफादर इन द हॉल’ लिहा, पाहुणे दारातूनच परततील.

राहिला ‘डिड’. भूतकाळाचं ओझं तो एकटा उचलतो, पुढचं क्रियापद मूळ रूपात मोकळं सुटतं. तुम्ही मात्र दोघांच्याही डोक्यावर बोजा ठेवा: ‘डिड नॉट वेंट’. तसं वेंट हे गोचं स्वतःचं रूपही नाही, वेंड नावाच्या क्रियापदाकडून आणलेलं आहे. (आपणही ‘जाणे’चं ‘गेला’ करतोच, पण ते घरचं.) आणि ‘काल गेलो होतो’ला ‘आय हॅड गॉन यस्टरडे’ म्हणा. हॅडला आणखी एक, नंतरची भूतकाळी घटना सोबत लागते. ती समोरच्याने शोधावी.

रजेच्या अर्जाचा तयार नमुना: ‘यस्टरडे आय फेल्ड इन बाथरूम, देन लाइड टिल इव्हनिंग, सो डिड नॉट केम.’ म्हणजे काल न्हाणीघरात झाडं पाडली, मग संध्याकाळपर्यंत खोटं बोललो. खाली सही करा, तारीख घाला.