‘धरण फुटले, पाहा लाइव्ह व्हिडिओ’

राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचे पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी जाहीर होते आणि ४३ फुटांवर धोका पातळी. माझी धोका पातळी मात्र त्याच्या बरीच आधी, तिशीच्या आसपासच येते. कारण त्या सुमारास आमच्या पेठेतल्या तालमीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘राधानगरी धरण फुटले, पाहा लाइव्ह व्हिडिओ’ ही मोसमातली पहिली लिंक येऊन पडते, आणि ती उघडल्यावर फोन कसा वेड्यासारखा करतो आहे हे दाखवण्यासाठी मंडळी माझ्या दारात चपला काढू लागतात. मला संगणकातले सगळे कळते, असा गल्लीचा ठाम समज आहे. त्या समजाला आधार एवढाच, की एका कॉलेजच्या कार्यालयात मी बरीच वर्षे संगणकासमोर बसून पगार घेतला.

धरण भरले की राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, त्यासाठी कुणाला कळ दाबावी लागत नाही, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तरीही ‘दरवाजा उघडला’ या सरळ बातमीची कुठल्या तरी निनावी संकेतस्थळावर ‘धरण फुटले’ अशी बढती होते, आणि खाली काळ्या चौकटीत एक पांढरा त्रिकोण लुकलुकत राहतो. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा ज्यांनी भांडीकुंडी माळ्यावर चढवून रात्र जागून काढली, त्यांनी हा मथळा पाहून शांतपणे बातमीचा उगम तपासावा, अशी अपेक्षा ठेवणे मला तरी जमत नाही. चोराचे पोट नेमके याच घाईवर चालते. संपादक बातमीची खातरजमा करीत बसलेला असतो, तेवढ्यात हा गृहस्थ लोक काय शोधत आहेत ते पाहून तेच शब्द ठासून भरलेले पान तयार करतो, खऱ्या बातमीतले दोन परिच्छेद उचलून त्यात चिकटवतो आणि शोधयंत्राच्या पहिल्या पानावर जागा पटकावून बसतो.

आमच्या शेजारचे आबा एस.टी.तून निवृत्त झालेले. घाटात गाडी उतरवताना त्यांनी कधी घाई केली नाही, असे ते स्वतःच सांगतात. पण फोनवर ते सुसाट असतात.

“धरणाचा व्हिडिओ लागंना बघ,” ते म्हणाले. “आधी प्लेयर अपडेट करा म्हणालं. केलो. आता फोन तापाय लागलाय.”

अपडेट म्हणून त्यांनी जी फाइल उतरवून घेतली होती, तिच्या नावाचा शेवट ‘.एपीके’ असा होता. म्हणजे ते सरळसरळ एक अॅप होते, आणि प्ले स्टोअरचा उंबरा न ओलांडता मागच्या दाराने आलेले होते. त्याने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली, ती आबांनी दिली. अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी असलेली ‘अॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागितली, जिच्यामुळे परक्या अॅपला पडदा वाचता येतो आणि आपल्या वतीने बटणेही दाबता येतात, तीही दिली. पुराचे पाणी दाखवायला बँकेचा ओटीपी कशाला लागतो, हा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण धरण फुटले होते. मी आधी फोन विमान मोडवर टाकला, माझ्या फोनवरून त्यांना बँकेशी बोलायला लावून खाते थांबवले, आणि ते पाहुणे अॅप सेटिंगमध्ये जाऊन हुसकावले. हुसकावण्यापूर्वी त्याला दिलेले प्रशासकाचे अधिकार काढून घ्यावे लागतात, नाहीतर ते हलायलाच तयार होत नाही. पैसे गेले नव्हते. गेले असते, तर १९३० या क्रमांकावर त्याच घटकेला फोन करायचा असतो, कारण पुढच्या खात्यातून रक्कम सरकण्याआधी ती अडवता येण्याची शक्यता असते.

हे कारस्थान कोल्हापूरकरांसाठीच रचले आहे, असा आबांचा संशय होता. त्यांचे समाधान करण्यासाठी मी त्यांना थोडा इतिहास सांगितला. २००७ च्या जानेवारीत युरोपात वादळ ओसरते न ओसरते तोच, ‘वादळाचे २३० बळी’ अशा विषयाचे ईमेल जगभर पोहोचले आणि सोबतची फाइल उघडणाऱ्यांचे संगणक चोरांच्या ताब्यात गेले. मे २०११ मध्ये ओसामा बिन लादेन मारला गेला. अमेरिकेने मृतदेहाची छायाचित्रे प्रसिद्ध करायची नाहीत असे ठरवले, तरी ती ‘छायाचित्रे’ दाखवतो म्हणणाऱ्या लिंका धोधो वाहू लागल्या. २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या करोना नकाशाची हुबेहूब नक्कल एका पासवर्डचोर प्रोग्रामसह फिरत होती. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बसले, आणि त्याच दिवशी ‘दुरुस्ती येथे मिळेल’ असे सांगणारी खोटी संकेतस्थळेही उभी राहिली. एवढी तत्परता नळाला पाणी न आल्याच्या तक्रारीवर कुणी दाखवल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

“म्हणजे आपण एकटेच न्हाई,” आबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसली.

काकूंचे प्रकरण निराळे. कोल्हापुरी चपलेशी मिळतीजुळती चप्पल इटलीत मिलानच्या फॅशन शोच्या मंचावर अवतरली आणि २०२५ च्या जूनमध्ये सगळे शहर पेटून उठले, तेव्हा काकूंनीही त्या वादाची बातमी शोधली. एका पानाने त्यांना ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे सांगितले. “मी काय केलो न्हाई, नुसतं अलाऊ दाबलो,” असे त्या आजही सांगतात. त्या एका दाबण्याने त्यांनी त्या पानाला सूचना पाठवण्याची कायमची मुभा दिली होती, आणि मग पहाटे देवपूजेच्या वेळी ‘तुमच्या फोनमध्ये विषाणू सापडले आहेत’ अशी घंटी वाजू लागली. काकूंनी घाबरून फोनला सोवळ्यापासून दूर ठेवले. प्रत्यक्षात ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या पानाची परवानगी रद्द केली की काम होते. तेवढे मी केले आणि दोन लाडू मिळवले.

सर्वांत शहाणा निघाला माझा पुतण्या, जो अभियांत्रिकीला आहे आणि आम्हां म्हाताऱ्यांच्या अडाणीपणावर मनापासून हसतो. कुठल्याशा व्हायरल प्रकरणाचा ‘पूर्ण व्हिडिओ’ शोधताना त्यालाही एका पानाने मनुष्यत्वाचा दाखला मागितला: विंडोजची कळ आणि ‘आर’ दाबा, मग कंट्रोल आणि ‘व्ही’, मग एंटर. पहिल्या दोन कळांनी संगणकाला आज्ञा देण्याची चौकट उघडते, आणि पानाने एक आज्ञा आधीच गुपचूप क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो तिथे, ठेवलेली असते. ती संगणकाला आपण आपल्याच हाताने भरवतो, त्यामुळे ब्राउझरचा पहारा बाजूलाच राहतो. आबा या सापळ्यात अडकणे शक्य नव्हते, कारण विंडोजची कळ कुठे असते हे त्यांना माहीत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गेले असे धरून मी त्याला दुसऱ्या संगणकावरून सगळे बदलायला आणि सगळीकडून लॉगआउट व्हायला लावले. व्हिडिओ कशाचा होता, हे मी विचारले नाही, आणि या एका गोष्टीसाठी त्याने मला वाकून नमस्कार केला.

यानंतर आबांना पत्ता वाचायला शिकवणे भाग होते. “कुलूप दाखवतंय की,” असे ते दर वेळी म्हणत. ते कुलूप एवढेच सांगते, की तुमचे बोलणे वाटेत तिसऱ्याला ऐकू जात नाही. बोलणे चोराशीच चालले असेल, तर ते खासगी राहते इतकेच. खरे पाहायचे ते नाव. पोस्टमन जसा पाकिटावरचे गाव आधी बघतो, मग पेठ आणि सर्वांत शेवटी नाव, तसा संकेतस्थळाचा पत्ता, सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन रेघा सोडून, पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपासून उलटा, उजवीकडून डावीकडे वाचायचा. पुढे ‘कोल्हापूर’, ‘लाइव्ह’, ‘न्यूज’ असे कितीही शब्द गुंफलेले असोत, रेघेच्या अलीकडे ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ नसेल, तर ते सरकारचे पान आहे असे धरून चालायचे नाही. ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणाऱ्या जुन्या फ्लॅश प्लेयरचा अपडेट मागणारे पान तर तपासायचीही गरज नाही, कारण तो प्लेयर कंपनीनेच ३१ डिसेंबर २०२० पासून बंद केला आहे.

आबांना हे इतके पटले, की ग्रुपवर कुणीही काही टाकले तरी त्याखाली “गाव कुठलं?” असा त्यांचा सवाल येऊ लागला. गणपतीच्या वर्गणीच्या लिंकेलाही त्यांनी गाव विचारले. पुढच्या पावसाळ्यात पाणी खरोखरच इशारा पातळीकडे निघाले, प्रशासनाचा खरा संदेश आला, मी त्याचे गावही वाचून दाखवले. पण आबांचा विश्वास बसेना. छत्री घेऊन ते स्वतः पंचगंगा घाटावर गेले, पाणी डोळ्यांनी पाहिले, त्याचा फोटो काढला आणि ‘पाणी वाढलंय, सामान हलवा’ असे लिहून ग्रुपवर टाकला. बराच वेळ कुणी तो उघडला नाही. मग काकूंचा संदेश आला, “आबा, गाव कुठलं?”