उरलेली बोटुकली नदीत सोडण्याआधी

गोड्या पाण्यातील मत्स्यशेतीमुळे नदीतल्या माशांना परजीवींचा काडीचाही धोका नाही, असे सांगणारा चार मुद्द्यांचा एक संदेश सध्या फिरतो आहे. परजीवी ही समुद्रातल्या पिंजऱ्यांची डोकेदुखी, तलावातले मासे औषधामुळे निरोगी, रोग मुळात नदीतूनच तलावात येतो, आणि म्हणून उरलेली बोटुकली (बोटाएवढी माशांची पिले) नदीत सोडणे हे पुण्यच, असा त्याचा आशय. मावसभावाने तो मला पाठवला आणि खाली ‘रविवारी सोडतोच’ असे लिहिले, म्हणून हा खटाटोप.

सामन माशांना छळणारी कुप्रसिद्ध समुद्री ऊ गोड्या पाण्यात वाढत नाही, हे मान्य. पण आरगुलस आणि लर्निया हे माशांच्या अंगाला चिकटणारे परजीवी गोड्या पाण्यातही फोफावतात, आणि मासे दाटीने ठेवलेल्या तळ्यात त्यांना पुढचा यजमान, म्हणजे ज्याच्या अंगावर जगायचे तो मासा, शोधत हिंडावेही लागत नाही. रोग नदीतून येतो, हेही पुष्कळदा खरे. मात्र तळ्यात वाढलेली परजीवींची पिलावळ सोडलेल्या पाण्याबरोबर नदीतच परतते, हे संदेशकर्त्याने सोयीस्करपणे गाळले आहे. औषधाचे म्हणाल, तर माशाला गोल गोल फिरायला लावणाऱ्या भोवरी रोगाचा परजीवी मिक्सोबोलस सेरेब्रॅलिस ट्राउट माशाच्या कूर्चेत दडलेला असतो. अंगावरची ऊ घालवणारी औषधी आंघोळ तिथवर पोहोचतच नाही.

खरा घातक आहे तो चौथा मुद्दा. नॉर्वेत १९७०च्या दशकात स्वीडनमधील उबवणी केंद्रांतून आणलेल्या माशांबरोबर जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस हा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा कृमी आला. बाल्टिकच्या खोऱ्यातले सामन त्याला सरावलेले असल्याने त्याला अंगावर वागवूनही धडधाकट राहत. नॉर्वेच्या सामनांकडे ती प्रतिकारशक्ती नव्हती. हा कृमी १६ सूक्ष्म आकड्यांनी कातडीला चिकटतो, अंडी न घालता थेट पिलू देतो, आणि त्या पिलाच्या पोटात जन्मतःच पुढचा गर्भ वाढत असतो. सुमारे ५० नद्यांत तो पसरला आणि त्यांतली सामनची पिले झपाट्याने घटली. माशांवरून तो उतरवता येईना, तेव्हा कित्येक नद्यांत रोटेनोन हे विष सोडून यजमान मासेच मारावे लागले. हे सारे निरोगी दिसणाऱ्या माशांमुळे घडले.

मावसभावाच्या टाकीतले बीज कोणत्या उबवणी केंद्रातले, हे त्याला सांगता येत नाही, आणि त्यातल्या एकाही माशाचे कल्ले त्याने भिंगाखाली पाहिलेले नाहीत.