कुंपणाची जाळी: फिरत्या सल्ल्यातली चार चुकीची विधानं

कुंपणाच्या जाळीबद्दलचा एक निरोप सध्या खूप फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हिरवी पीव्हीसी जाळी घ्या, ती कधीच गंजत नाही. भोक जितकं बारीक तितकी जाळी मजबूत. खर्च वाचवायला खांब चार-पाच मीटरवर रोवा. जाळी जोरात ताणा, एका दिवसात काम संपतं. असं वाचून लोक थेट सामान आणायला निघतात, म्हणून हे लिहायलाच हवं.

आधी गंज. पीव्हीसी हे नुसतं आवरण. आत तार लोखंडाचीच. कापलेल्या टोकातून किंवा पकडीने सोललेल्या जागेतून पाणी शिरतं आणि आवरणाखाली गंज पसरत जातो. वरून सगळं हिरवंगार, त्यामुळे कळतही नाही. गंजाला खरं तोंड देतं ते जस्त. ते लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, म्हणून बारीकसा ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त उघड्या लोखंडाला सांभाळतं. तेव्हा विक्रेत्याला रंग विचारू नका. आवरणाखाली जस्ताचा मुलामा आहे का आणि दर चौरस मीटरला किती ग्रॅम, हे विचारा. 50 ग्रॅमचा थर जेमतेम 7 मायक्रॉन भरतो, 240 ग्रॅमचा साधारण 34. वेल्डमेश (आडव्या-उभ्या तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी) असेल तर मुलामा वेल्डिंगनंतर दिलाय ना, हेही विचारा. आधी दिलेला मुलामा सांध्यांवर जळतो आणि गंज तिथूनच धरतो.

मजबुतीचं म्हणाल तर ती भोकावर नाही, तारेच्या जाडीवर आहे. गेजचा, म्हणजे तारेच्या जाडीच्या नंबरचा, आकडा वाढतो तशी तार बारीक होते, इथेच पुष्कळ जण फसतात. स्टँडर्ड वायर गेजमध्ये 10 नंबरची तार 3.25 मिलिमीटर, 12 नंबरची 2.64. फरक किरकोळ वाटतो, पण लोखंड एक तृतीयांशाने कमी झालेलं असतं. पीव्हीसी जाळीवर लिहिलेली जाडी बरेचदा आवरणासकट असते; आतल्या तारेची वेगळी विचारा. भोक ठरवायचं ते कोणाला अडवायचंय त्यावरून. सशाच्या पिल्लाला 50 मिलिमीटरचं भोक म्हणजे उघडं दार, मोठ्या जनावरापुढे तेच पुरेसं. बारीक षटकोनी कोंबडी जाळी हद्दीला लावून ती जोर सोसेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

आता खांब. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. कुंपण पडतं ते बहुतेक वेळा खांबामुळे, जाळीमुळे नव्हे. चेनलिंक जाळीला (तारा एकमेकींत गुंतवून विणलेली, चौकटी भोकांची) अडीच ते तीन मीटरवर खांब हवा. पाच मीटरवर जाळी मधे झोळते आणि कोणी चढलं की कायमची वाकते. मधल्या खांबांना फक्त जाळी उभी धरायची असते. सगळा ताण कोपऱ्याच्या आणि शेवटच्या खांबांवर येतो. म्हणून ते जाड हवेत, खोल हवेत (एकूण लांबीचा सुमारे एक तृतीयांश भाग जमिनीत) आणि प्रत्येकाला ताणाच्या दिशेने तिरपा टेका हवाच. माझ्या पहिल्या कुंपणाला मी टेके दिले नव्हते. पहिल्याच पावसात माती भिजली आणि कोपऱ्याचा खांब आत कलला. पूर्ण बाजू सोडवून पुन्हा बांधावी लागली. हाच खर्च निरोपातल्या हिशेबात कुठेच धरलेला नाही. जाळीवर आडोशासाठी शेडनेट बांधणार असाल तर वारा तिला शिडासारखा ढकलतो, तेव्हा खांब आणखी जवळ घ्या.

एका दिवसाचं म्हणाल तर खड्डे खणून काँक्रीट भरणं एका दिवसात होईलही, पण त्याच दिवशी जाळी ताणली तर कच्च्या काँक्रीटमध्ये खांब हलतो आणि पुन्हा घट्ट बसत नाही. निदान सात दिवस पाणी मारत थांबा. मग वर, मधे, खाली अशा तीन ताणतारा ओढा आणि त्यांना जाळी बांधा. भर उन्हात तार तंतुवाद्यासारखी ताणू नका. 30 मीटरची तार 30 अंशांनी थंड झाली की जवळजवळ 11 मिलिमीटर आखडू पाहते, आणि तो ओढा थेट कोपऱ्यावर येतो. टोकाला टर्नबकल (फिरवून तार घट्ट किंवा सैल करायचा आट्यांचा जोड) ठेवा, म्हणजे ताण नंतर कमीजास्त करता येतो. बिळं करणारी जनावरं असतील तर जाळीचा खालचा हातभर भाग बाहेरच्या बाजूला जमिनीलगत वळवून मातीखाली दाबा. हे काम जाळी बांधतानाच करा, नंतर त्यासाठी सगळी खालची ओळ उकरावी लागते.