पाकिटापासून सुरुवात करा
मोठ्या उद्योगांत चक्रीय अर्थव्यवस्थेचे, म्हणजे टाकलेला माल पुन्हा वापरात आणण्याचे, प्रकल्प उभारावेत, हे लेखातलं म्हणणं पटलं. पण धारावीच्या तेरा कंपाउंड या भंगाराच्या वस्तीत हे काम कित्येक वर्षं चालू आहे. माझे वडील तिथे प्लास्टिक निवडायचे. बाटल्यांचा चुरा पाण्यात टाकला की पेट, म्हणजे बाटलीचं प्लास्टिक, तळाला बसतं, झाकणांचा चुरा वर तरंगतो. मग दोन्ही वेगळं गाळून वाळवायचं. अडतं ते वेफर्सच्या चकचकीत पाकिटापाशी. प्लास्टिकवर धातूचा थर असा चिकटलेला असतो की भंगारवाला हातही लावत नाही. प्लास्टिक कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनी उत्पादकांना पुनर्वापराची उद्दिष्टं घालून दिली आहेत, तर कंपन्यांनी पाकीटच एका जातीच्या प्लास्टिकचं करावं. आणि निवडणाऱ्या बायकांचे हातमोजे, ठरलेली मजुरी प्रकल्पाच्या खर्चातच धरा.