‘फक्त तीन ओळींत सी’ म्हणे!

रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज: ‘मामा, माझी रॅम गेलीये का?’ सोबत ‘सेगमेंटेशन फॉल्ट’चा फोटो, म्हणजे प्रोग्रॅमने नको त्या मेमरीला हात लावला की येणारी एरर. रॅम ठणठणीत होती. बिघाड होता त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर फिरणाऱ्या पोस्टमध्ये: ‘पायथनमधून सी वापरा, फक्त तीन ओळींत! सीटाइप्स घ्या, टाइप सांगायची गरज नाही, मेमरी पायथन बघतो, वेग शंभरपट!’

सीटाइप्स म्हणजे सी भाषेतली फंक्शन्स पायथनमधून वापरायची पायथनचीच सोय. आधी टाइपचं बघू (म्हणजे माहिती कुठल्या प्रकारची: आकडा, अक्षरं की पत्ता), कारण पोरगं तिथेच आपटलं. सीच्या शेअर्ड लायब्ररीत (तयार फंक्शन्सच्या फाइलमध्ये) सीटाइप्सला फंक्शनचं नुसतं नाव सापडतं. ते काय घेतं, काय परत देतं हे हेडर नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असतं, आणि हेडर सीटाइप्स वाचतच नाही. पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये सरळ लिहिलंय: तुम्ही सांगितलं नाहीत तर फंक्शन इंट, म्हणजे साधा पूर्णांक, परत देतं असं धरलं जाईल. पोस्टवाल्याने उदाहरण दिलंय ॲब्जचं, आकड्याचं उणे चिन्ह काढणाऱ्या फंक्शनचं. चालणारच की! ॲब्ज इंटच देतं. त्याच्या जागी मॅलॉक घालून बघा; ते मेमरी घेऊन तिचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, परत देतं. 64 बिटच्या लिनक्सवर पॉइंटर 8 बाइटचा, इंट 4 चा. पत्त्यातलं गाव खोडून नुसता घर नंबर उरावा तसं होतं. तो उरलेला तुकडा भाच्याने इमानेइतबारे फ्रीला, म्हणजे घेतलेली मेमरी सोडणाऱ्या फंक्शनला, दिला.

आणि दरवेळी क्रॅश होऊन कळेल असंही नाही. ‘पुणे’ ही स्ट्रिंग (अक्षरांची माळ) तशीच स्ट्रलेनला द्या; ते शून्य बाइट येईपर्यंतचे बाइट मोजतं. लिनक्सवर उत्तर येतं 2. यूटीएफ-8 मध्ये एन्कोड करून द्या, 12 येतं. टाइप न सांगता दिलेली स्ट्रिंग वाइड कॅरेक्टर म्हणून जाते, एकेक 4 बाइटचा. ‘प’चे दोन बाइट झाले की पुढे शून्य, तिथे स्ट्रलेनचं काम संपलं. ना एरर, ना वॉर्निंग. आर्गटाइप्स, म्हणजे फंक्शन काय टाइप घेतं ते, लिहिलं असतं तर पायथननेच तिथल्या तिथे अडवलं असतं.

मेमरी पायथन बघतो? स्वतःची बघतो. मॅलॉकने घेतलेली तुम्हीच सोडायची. उलट कॉलबॅक (सीने नंतर बोलवायचं पायथनचं फंक्शन) सीकडे ठेवायला दिलात आणि पायथनमध्ये त्याचा रेफरन्स धरून ठेवला नाहीत, तर गार्बेज कलेक्टर, म्हणजे पायथनचा मेमरी-सफाईवाला, तो उचलून नेतो आणि सी रिकाम्या जागी कॉल करतं.

वेगाचं अर्धं खरं आहे, तेवढं मानतो. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीचा गाभा सीमध्येच आहे. पण लूप सीच्या आत फिरला तरच फायदा. दहा लाख आकडे एकेक करून पाठवलेत तर प्रत्येक कॉलला रूपांतराचा खर्च, आणि साधं पायथनच पुढे निघून जाईल. शंभर हा आकडा कुठून आला ते पोस्टवाल्यालाच विचारा.

भाच्याने मॅलॉकच्या रेसटाइपमध्ये, म्हणजे फंक्शन काय परत देतं ते सांगायच्या जागी, व्हॉइड पॉइंटर (कुठल्याही मेमरीचा पूर्ण पत्ता) लिहिला. तरी क्रॅश! फ्रीला आर्गटाइप्स नव्हतं, म्हणून पूर्ण आलेला पत्ता परत जाताना पुन्हा कापला जात होता. तेही लिहिलं, मग चाललं. तीन ओळींच्या पाच झाल्या.